पुदिना फुकट, सपाता वेगळ्या

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या जुन्या भागात मोबाइलच्या नकाशाचं काही चालत नाही. इथं नऊ हजारांवर गल्ल्या आहेत म्हणतात. मोजायला गेलेला माणूस परत कसा आला, ते कुणी सांगत नाही. गाड्यांना मज्जाव, त्यामुळे गॅसच्या टाक्यांपासून कातड्यांपर्यंत सगळं गाढवं आणि खेचरं वाहतात. खेचर समोरून आलं की युनेस्कोचा वारसा बघायला आलेला माणूस पालीसारखा भिंतीला चिकटतो. फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईंनी ८५९ साली उभारलेली अल-करावियीन मशीद, जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक, मी अशीच पाहिली. बिगरमुस्लिमांना आत सोडत नाहीत, म्हणून दारातून मान लांबवली, अंगणातलं कारंजं दिसतंय न दिसतंय तोच मागून खेचर.

पण खेचर परवडलं. ते निदान चहा पाजत नाही.

शुवारा या कातडी कमावण्याच्या कारखान्यातले हौद बघायचे तर भोवतीच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर जावं लागतं. दारातल्या गृहस्थांनी ‘इंडिया? शाहरुख खान!’ अशी आरोळी ठोकून हातात पुदिन्याची काडी दिली. केवढं अगत्य, असं वाटलं. वर पोहोचल्यावर कळलं, तो हुंगायचा पुदिना होता. खाली पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, पलीकडे रंगांचे हौद, आणि त्यांत मांड्यांपर्यंत उतरून माणसं कातडी तुडवतायत. विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. आमच्या सोसायटीत कबुतरांच्या जाळ्यांवरून दोन तट पडलेत. इथं तोच माल पैसे मोजून आणतात. सेक्रेटरींना फोटो पाठवला.

वर जायला पैसे नव्हते. खाली यायचा रस्ता मात्र दुकानातून होता.

‘नुसतं बघा, बघायला पैसे नाहीत,’ म्हणत त्यांनी बायकोपुढे पिवळ्याधमक सपाता मांडल्या. भाव चारशे दिरहम. दिरहम म्हणजे तेव्हाचे आठ-नऊ रुपये, हा हिशेब मी मनात करेपर्यंत हिने ‘शंभर’ म्हणूनही टाकलं. गृहस्थांनी छातीवर हात ठेवला. मग चहा आला. चिनी ग्रीन टी, मूठभर पुदिना (हा प्यायचा) आणि साखरेचे ढेकळाएवढे खडे. हातभर उंचीवरून धार धरून ग्लासात ओततात, एक थेंब इकडेतिकडे नाही. अशा माणसाशी घासाघीस करायची माझी तरी छाती नाही. मी आपला ग्लासाकडे बघत बसलो.

‘साडेतीनशे.’

‘एकशेवीस. अहो, उठा तुम्ही.’

मी उठलो.

‘तीनशे!’

‘बसा.’

अशा माझ्या बऱ्याच बैठका झाल्या. शेवटी एकशेऐंशीला तुटलं. ‘बाई अॅटलसच्या डोंगरातल्या अमाझिग जमातीच्या बायकांसारखा भाव करतात,’ असं प्रशस्तिपत्रक मिळालं. हिचा चेहरा असा खुलला, की ते वाक्य सगळ्याच गिऱ्हाइकांना ऐकवत असतील ही शंका मी गिळून टाकली.

पैसे दिले, सपाता पिशवीत गेल्या, मी दाराकडे वळलो. गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘आता आपण भाऊ झालो. भावाला जॅकेट दाखवतो.’ दारात त्यांचा चुलतभाऊ उभा होता, खांद्यावर गालिचे घेऊन. हिने चहाचा ग्लास पुढे केला.