हवाईच्या राणीला तिच्या प्रजेने पदच्युत केले नव्हते

हवाई बेटे अमेरिकेने बळकावली हा निव्वळ अपप्रचार आहे, असे सांगणारा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: राणी लिलिउओकलानी हिने राज्यघटना धाब्यावर बसवून एकतंत्री कारभार आणण्याचा घाट घातला, त्रासलेल्या प्रजेने जानेवारी १८९३ मध्ये तिला पायउतार केले, अमेरिकी सरकारचा त्यात हात नव्हता, आणि पुढे हवाईचे लोक राजीखुशीने अमेरिकेत सामील झाले.

यातला पहिला मुद्दा अगदीच निराधार नाही, म्हणूनच तो नीट पाहायला हवा. १४ जानेवारी १८९३ रोजी राणीने नवी घटना जाहीर करण्याचा प्रयत्न केला आणि घटनादुरुस्तीचा विधिमंडळातून जाणारा मार्ग टाळला, हे खरे आहे. मात्र ती बदलू पाहत होती ती घटना आली कुठून, याबद्दल मजकूर अवाक्षर काढत नाही. १८८७ मध्ये गोऱ्यांच्या ‘होनोलुलू रायफल्स’ या सशस्त्र दलाचा धाक दाखवून तिच्या भावाची, राजा कालाकाउआ याची, त्या घटनेवर सही घेण्यात आली होती. ‘संगिनींची घटना’ हे तिचे नाव त्यावरूनच पडले. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायचे तर ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचे उत्पन्न लागे, त्यामुळे बहुतेक मूळ हवाईयन आपोआप गळाले. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या चिनी-जपानी लोकांना मताधिकारच उरला नाही. अमेरिकी आणि युरोपीय रहिवाशांना मात्र हवाईचे नागरिकत्व न घेताही मत देता येऊ लागले. अशा घटनेला हात लावणे म्हणजे लोकशाहीवर घाला, असे म्हणायला बरेच धाडस लागते. शिवाय मंत्र्यांनी साथ नाकारताच राणीने माघार घेतली आणि यापुढील बदल घटनेने आखलेल्या मार्गानेच होतील, असे १६ तारखेला जाहीरही केले.

राणीला काढणारी ‘प्रजा’ म्हणजे कोण? सत्तांतर घडवणाऱ्या सुरक्षा समितीत १३ जण होते आणि त्यांत एकही मूळ हवाईयन नव्हता. १७ जानेवारीला त्यांनी वाचलेल्या जाहीरनाम्यात, अमेरिकेशी विलीनीकरणाच्या अटी ठरेपर्यंतच हे हंगामी सरकार राहील, असे स्पष्ट लिहिले होते. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने सर्वच देशांच्या साखरेवरचे आयातशुल्क उठवून अमेरिकेतल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले, आणि अमेरिकेत विनाशुल्क येण्याची हवाईच्या साखरेची आजवरची सवलत मातीमोल झाली. अमेरिकेत सामील होण्यात कोणाचा फायदा होता, हे त्यावरून कळते. (सगळे साखरसम्राट मात्र एका माळेचे मणी नव्हते, त्यांच्यातला सर्वांत बडा क्लाउस स्प्रेकल्स विलीनीकरणाच्या विरोधात होता.)

अमेरिकी सरकारचा हात नव्हता, हा मुद्दा तर टिकतच नाही. अमेरिकेचे राजदूत जॉन स्टीव्हन्स यांच्या सांगण्यावरून १६ जानेवारीच्या संध्याकाळी ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरून १६२ सैनिक उतरले. कारण दिले ते अमेरिकी नागरिकांच्या रक्षणाचे. मुक्काम मात्र पडला सरकारी इमारत आणि राजवाडा यांच्या अगदी जवळ, जिथे अमेरिकी मालमत्ता फारशी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी स्टीव्हन्स यांनी नव्या सरकारला मान्यता दिली तेव्हा राजवाडा, शिपायांची बराक आणि पोलीस ठाणे अजून राणीच्याच ताब्यात होते. राणीने सत्ता सोडली तीही बंडखोरांच्या नव्हे, तर अमेरिकेच्या वरचढ बळापुढे, असे निषेधपत्रात लिहून. ‘हवाईचे पेअर फळ पुरते पिकले आहे, अमेरिकेने ते तोडून घेण्याची हीच सुवर्णघटिका’, असे स्टीव्हन्स यांनीच दोन आठवड्यांनी वॉशिंग्टनला कळवले. अमेरिकी सिनेटच्या समितीने दिलेल्या १८९४ च्या मॉर्गन अहवालाने अमेरिकी अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले, तेवढेच मजकूर उचलतो. पण मॉर्गन समितीने साक्षी वॉशिंग्टनमध्ये बसून घेतल्या, तर राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी पाठवलेल्या आणि होनोलुलूत जाऊन चौकशी करणाऱ्या ब्लाउंट यांचा निष्कर्ष नेमका उलटा होता, आणि क्लीव्हलँड यांनी तो स्वीकारून विलीनीकरणाला नकार दिला होता.

राहिला राजीखुशीचा प्रश्न, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा उपलब्ध आहे. १८९७ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या प्रशासनाने विलीनीकरणाचा करार पुन्हा पुढे आणला, तेव्हा ‘हुइ आलोहा आयना’ या संघटनेच्या पुरुष आणि स्त्री शाखांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या अर्जांवर २१,२६९ सह्या गोळा केल्या. हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले हे ५५६ पानांचे अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. त्या वेळी मूळ आणि मिश्रवंशीय हवाईयन मिळून लोकसंख्या ४०,००० च्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. चार प्रतिनिधी हे अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेले. सिनेटमध्ये करारासाठी लागणारी दोन-तृतीयांश मते काही जमली नाहीत. मग स्पेनशी युद्ध पेटल्यावर करार बाजूला ठेवून, साध्या बहुमताने संमत होणारा संयुक्त ठराव पुढे करण्यात आला आणि जुलै १८९८ मध्ये राज्य खालसा झाले. हवाईच्या जनतेचे सार्वमत घेतलेच गेले नाही.

१९५९ च्या सार्वमताचा दाखला इथे हमखास दिला जातो. त्यात ९४ टक्के मते घटकराज्याच्या बाजूने पडली हे खरे, पण मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्यायच नव्हता, आणि साठ वर्षांत बाहेरून आलेल्या वस्तीमुळे मूळ हवाईयन आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले होते. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेल्या माफीच्या ठरावात तर असे नमूद आहे की, मूळ हवाईयन लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क राजसत्तेमार्फत किंवा सार्वमताने कधीही थेट सोडलेला नाही. त्याच ठरावाच्या शेवटी, यातून अमेरिकेवरील कोणत्याही दाव्याचा निवाडा होत नाही, असेही एक कलम जोडलेले आहे.