हृदय धडधडतंय, मग माणूस मेला कसा? मेंदूमृत्यूबद्दलच्या मजकुराला उत्तर

अवयवदानाचा विषय निघाला की एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांवर हटकून फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं हृदय चालू असतं, अंग गरम असतं, लघवी होत असते, तरी डॉक्टर त्याला 'ब्रेनडेड' म्हणजे मेंदूमृत ठरवून मोकळे होतात. ही कल्पनाच मुळी अवयव मिळवण्यासाठी काढली गेली. कोमातून लोक उठून बसल्याची उदाहरणं आहेत. आणि काढलेले अवयव शेवटी पैसेवाल्यांना विकले जातात. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या फोनवर हा मजकूर नेमका नको त्या घडीला येऊन पडतो, म्हणून एकेक मुद्दा धरून उत्तर देते. त्यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि एक भलत्याच गोष्टीबद्दल खरा आहे. तेही लपवणार नाही.

पहिला मुद्दा हृदयाचा. हृदयाला ठोका देणारी यंत्रणा हृदयातच असते. मेंदू तिचा वेग कमीजास्त करतो, पण ठोका मेंदूतून येत नाही. रक्तातून ऑक्सिजन मिळत राहिला तर मेंदू मेल्यावरही हृदय काही काळ चालतं. श्वासाचं मात्र तसं नाही. श्वास घेण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेममधून येतो आणि तो भाग मेला की माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. छाती वरखाली होताना दिसते ती यंत्राने ढकललेल्या हवेमुळे. ब्रेनस्टेम गेल्यावर शरीराचा कारभारही ढासळत जातो: रक्तदाब कोसळतो, लघवी लोटासारखी होऊ लागते, अंग गार पडू लागतं. औषधं आणि यंत्रं लावूनही बहुतेकदा काही तासांत किंवा दिवसांत हृदय थांबतं. गर्भवती स्त्रीचं शरीर बाळासाठी आठवडेच्या आठवडे टिकवल्याची मोजकी उदाहरणं आहेत, पण त्यातली आई परत आलेली नाही.

कधी ब्रेनडेड ठरवलेल्या माणसाचा हात हलतो, बोटं आखडतात, क्वचित दोन्ही हात छातीकडे उचलले जातात. नातेवाइकांसाठी हे फार भयंकर असतं आणि त्याचे व्हिडिओ झपाट्याने पसरतात. या हालचाली पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या असतात, मेंदूशी त्यांचा संबंध नसतो. मला राग येतो तो ही गोष्ट नातेवाइकांना आधीच न सांगणाऱ्या रुग्णालयांचा. हात हलल्यावर दिलेलं स्पष्टीकरण सारवासारवीसारखं वाटणारच.

आता तपासणी कशी होते ते नीट बघू, कारण "डॉक्टर ठरवून मोकळे होतात" हा आरोप तिथेच तपासता येतो. आधी बेशुद्धीचं कारण कळलेलं असावं लागतं: अपघातातला मार, मेंदूतला रक्तस्राव असं काही. दारू, गुंगीची औषधं, स्नायू सैल करणारी औषधं, अंग फार गार पडणं, रक्तातल्या क्षारांचा मोठा बिघाड यांतलं काही असेल तर तपासणी सुरूच करता येत नाही. मग बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, कानात बर्फाचं पाणी घालून डोळे हलतात का ते पाहतात, घशात नळी फिरवून खोकला येतो का ते बघतात.

शेवटी ॲप्निया टेस्ट, म्हणजे यंत्राशिवाय श्वास येतो का याची तपासणी. रुग्णाला आधी काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात, रक्त काढून त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि व्हेंटिलेटर सोडवतात. ऑक्सिजनची बारीक नळी श्वासनलिकेत चालूच असते. छाती आणि पोट उघडं ठेवून सगळे बघत उभे राहतात, साधारण आठ-दहा मिनिटं. या वेळात कार्बन डायऑक्साइड एरवीच्या 40 वरून 60 च्या (मिलिमीटर पारा) पुढे चढतो. ब्रेनस्टेममध्ये थोडीशी जरी धुगधुगी असेल तर इतक्या कार्बन डायऑक्साइडपुढे श्वास घेतल्यावाचून ती राहत नाही. एक जरी श्वास दिसला तर तपासणी तिथेच संपते, यंत्र परत लागतं, आणि तो माणूस ब्रेनडेड नाही असं ठरतं. काहीच हाललं नाही तर किमान 6 तासांनी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करतात.

कायद्याने हे काम चार डॉक्टरांवर सोपवलंय: रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा शल्यविशारद (ते उपलब्ध नसतील तर नेमलेला दुसरा तज्ज्ञ), आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही यांत नसतो. चौघांच्या सह्या लागतात. अपघाताची केस असेल तर पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदनाची व्यवस्थाही लागते. एवढ्या पायऱ्यांवर चूक किंवा घाई होणारच नाही असं मी म्हणणार नाही, पण गुपचूप उरकायची ही गोष्ट नाही.

"ही कल्पनाच अवयवांसाठी काढली" हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, शेकडो रुग्णांना हाताने हवा देऊन जगवावं लागलं आणि त्यातून आजचं आयसीयू जन्माला आलं. श्वास यंत्रावर ठेवता येऊ लागल्यावर आधी कधी न दिसलेली अवस्था डॉक्टरांपुढे आली: हृदय चालू, पण मेंदूचं काम पूर्ण थांबलेलं. पॅरिसमधल्या मोलारे आणि गूलाँ या डॉक्टरांनी 1959 मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा हृदय प्रत्यारोपण कुठेच होत नव्हतं. ते केपटाउनला झालं 1967 च्या डिसेंबरात. म्हणजे ही अवस्था आधी दिसली, हृदयदात्यांची गरज मागून आली.

पण 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले, तेव्हा मृत्यूच्या जुन्या व्याख्येमुळे प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना वाद होतात, हे एक कारण म्हणून तिने उघड लिहिलं होतं. हा हेतू होता आणि त्यावर तत्त्वज्ञ आणि डॉक्टर आजही वाद घालतात. त्या समितीचे अध्यक्ष हेन्री बीचर. याच बीचर यांनी 1966 मध्ये रुग्णांना नीट न सांगता केलेल्या 22 संशोधनांची उदाहरणं छापून अमेरिकेतल्या वैद्यकविश्वाला आरसा दाखवला होता. रुग्णाच्या हक्कांसाठी इतकं लढलेला माणूस अवयवांसाठी कट रचेल, हे मला पटत नाही.

आपल्याकडची गोष्टही 1968 चीच. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला. तेव्हा देशात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, ती आली 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने. हा कायदा पहिल्यांदा लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत.

कोमातून उठलेल्या माणसांच्या गोष्टी खऱ्या असू शकतात, फक्त ती माणसं ब्रेनडेड नव्हती. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत, तब्बल 42 वर्षं, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्या स्वतः श्वास घेत होत्या, भरवलेलं गिळत होत्या. त्या ब्रेनडेड नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात स्पष्ट लिहिलं. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी ज्या निष्ठेने त्यांना सांभाळलं त्याला तोड नाही. कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक समजायला याहून जवळचं उदाहरण मराठी माणसाला सापडणार नाही.

अमेरिकेतल्या केंटकीची 2021 ची घटनाही हल्ली पाठवली जाते: अवयव काढायला नेलेला रुग्ण हालचाल करू लागला आणि शस्त्रक्रिया थांबवली गेली. ही घटना घडली आहे आणि सरकारी चौकशीत तिथल्या अवयव मिळवून देणाऱ्या संस्थेच्या कामात गंभीर दोष सापडले. पण तिथला मार्ग वेगळा होता. उपचार थांबवायचे, हृदय आपणहून थांबू द्यायचं आणि मग अवयव घ्यायचे, असा. चार डॉक्टर, दोन तपासण्या हा आपला मार्ग त्याहून निराळा.

आता विक्री. चोरून काढलेला अवयव ठेवायचा कुठे? हृदय शरीराबाहेर साधारण 4 तास टिकतं, किडनी एखादा दिवस. त्याआत रक्तगट जुळवणं, क्रॉसमॅच (रुग्णाचं शरीर तो अवयव झिडकारेल का याची रक्तचाचणी), सुसज्ज ऑपरेशन थिएटर, दुसऱ्या रुग्णालयात तयार असलेला रुग्ण, हे सगळं जमावं लागतं. कोविडच्या काळात पसरलेली, मृतदेहातून किडन्या काढल्याची अफवा इथेच संपते: रक्तपुरवठा थांबून तास उलटलेल्या देहातली किडनी कुणाच्या उपयोगाची नसते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या प्रतीक्षायादीप्रमाणे अवयवांचं वाटप करतात.

पैशाचा बाजार आहे, पण तो दुसरीकडे, जिवंत दात्यांच्या बाबतीत. मुंबईत 2016 ला आणि पुण्यात 2022 ला उघड झालेल्या किडनी प्रकरणांत आरोप सारखाच होता: खोटी कागदपत्रं करून परक्या गरीब बाईला रुग्णाची बायको म्हणून उभं केलं. देशात वर्षाला मेंदूमृत दाते जेमतेम हजाराच्या आसपास मिळतात, दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. बाकी सगळा भार जिवंत दात्यांवर, आणि 2023 मध्ये त्यांतल्या 60 टक्क्यांहून जास्त बायका होत्या. आई, बायको, बहीण. "दे ना तूच" असं घरातल्या कुणाला ऐकावं लागतं, हे या आकड्यात दिसतं. मेंदूमृत दात्यांबद्दल भीती पसरवणारा प्रत्येक मजकूर हा भार वाढवतो. श्रीमंतांना झुकतं माप मिळतं हेही खरं, कारण यादीत नाव असूनही शस्त्रक्रियेचा आणि जन्मभराच्या औषधांचा खर्च झेपत नाही म्हणून गरीब रुग्ण मागे राहतो. ओरड करायची तर यावर करा.

मजकुरात नसलेला पण मला सर्वात जास्त खुपणारा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे मेंदूमृत्यूची व्याख्या आहे ती अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात ती नाही. त्यामुळे नातेवाइकांनी होकार दिला तर माणूस मृत, आणि नकार दिला तर त्याच माणसाचा व्हेंटिलेटर दिवसेंदिवस चालू, बिल चालू, बाहेर घरचे ताटकळत. मग लोकांना संशय आला तर दोष त्यांना कसा द्यायचा? मृत्यू हा मृत्यूच असेल तर तो दानाच्या होकारावर अवलंबून असता कामा नये. केरळने 2020 मध्ये मेंदूमृत्यूचा दाखला दानापासून वेगळा करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रानेही हे स्वच्छ, लेखी आणि सर्व रुग्णालयांना बंधनकारक असं करायला हवं.

तोवर, घरातल्या कुणाबद्दल हा शब्द कानावर पडला तर विचारायच्या गोष्टी: दोन्ही तपासण्यांच्या वेळा कोणत्या, सह्या करणारे चार डॉक्टर कोण, ॲप्निया टेस्टच्या वेळी घरच्या एकाला उभं राहू द्याल का. फॉर्म 10 म्हणजे मेंदूमृत्यूचा दाखला, फॉर्म 8 म्हणजे नातेवाइकांची संमती. आधी दहा बघा, मग आठचं बोला. संमतीनंतर देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च नियमाप्रमाणे तुमच्यावर येत नाही, बिलात तो दिसला तर काढून टाकायला सांगा. आणि नको म्हणायचं असेल तर नको म्हणा, त्याचं कारण द्यावं लागत नाही.