फोन ठेवू नका: रुग्णवाहिकेबद्दलच्या एका व्हायरल मेसेजला उत्तर

'रुग्णवाहिकेला फोन केलात तर पत्ता सांगा, "हार्ट अटॅक" म्हणा आणि फोन ठेवा. त्यांच्या प्रश्नांत वेळ जातो, गाडी तोवर जागेवरच उभी असते. जवळच्याच हॉस्पिटलात न्यायला सांगा. अॅम्ब्युलन्सने गेलं की तिथे रांग नाही.' हा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. तो पाठवणाऱ्यांची तळमळ मला समजते. गाडीची वाट पाहताना होणारा जिवाचा आटापिटा खोटा नसतो. पण हा सल्ला पाळला तर माणूस दगावू शकतो.

'प्रश्नांमुळे गाडी उशिरा निघते.' कॉलची वर्गवारी करणाऱ्या केंद्रांत पत्त्याबरोबर सुरुवातीलाच विचारतात: शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का? उत्तर 'नाही' आलं की गाडी पाठवायची तजवीज लगेच सुरू होते, बाकीचे प्रश्न ती वाटेत असताना विचारले जातात. बऱ्याच ठिकाणी बोलणारा एक आणि गाडी पाठवणारा दुसराच असतो.

आणि श्वासाचा प्रश्न उगाच नसतो. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेऊ शकतो. घरच्यांना वाटतं, श्वास चालू आहे. फोनवरचा प्रशिक्षित माणूस विचारतो, 'प्रत्येक श्वासाला "आता" म्हणा,' आणि दोन श्वासांतल्या अंतरावरून धोका ओळखतो. मग छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतकं दाबायला सांगतो आणि सोबत मोजत राहतो. अशा वेळी छाती दाबली गेली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. फोन ठेवलात की ही मदतही गेली.

'हार्ट अटॅक म्हणा.' मला सर्वांत जास्त राग याच वाक्याचा येतो. गाड्या मोजक्या असतात, म्हणून आधी फोन कुणाचा आला यापेक्षा जीव कुणाचा धोक्यात आहे हे पाहिलं जातं. इंग्लंडमध्ये २०१७पासून कॉलचे चार गट आहेत. पहिल्या गटासाठी सरासरी ७ मिनिटांत पोहोचण्याचं उद्दिष्ट आहे. खोटं बोलून मिळवलेली गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी दारातून वळवलेली असू शकते. खोट्याचा फटका तुमच्या माणसालाही बसतो. हार्ट अटॅकचा संशय असला तर फोनवरूनच अॅस्पिरिन चावायला सांगितली जाऊ शकते. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत असेल, तर तीच गोळी घात करेल.

'अॅम्ब्युलन्सने गेलं की रांग नाही.' चूक. आपत्कालीन विभागात पोहोचल्यावर पुन्हा तपासून क्रम ठरतो. कशाने आलात यावर नाही.

'जवळच्याच हॉस्पिटलात न्या.' पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. स्कॅनची सोय नसलेल्या जवळच्या दवाखान्यातून पुन्हा दुसरीकडे हलवण्यात हे तास संपतात. म्हणूनच फोनवर विचारतात, 'शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं?' ती वेळ आठवून सांगा. आणि गाडी येण्याआधी प्रकृती बिघडली तर पुन्हा फोन करा, क्रम बदलता येतो.