नॉमिनी मी, मालक नव्हे

गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्या वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. वर ‘वारसांनो सावधान’ आणि खाली लाल ठिपक्यांची रांग. नॉमिनी असेल तोच पैशाचा मालक. तलाठ्याकडे वारस नोंद केली की त्याच कागदावर शेअर आणि ठेवीही मिळतात. कागदी शेअर २०१९ पासून रद्दी. सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारजमा, गेले ते गेले. आणि शेवटचा ठिपका: म्हणून बँकेला मयत कळवायच्या आधी एटीएमने खातं रिकामं करा. दोन दिवसांत तोच मेसेज सासुरवाडीच्या ग्रुपवरून आला, मग डोंबिवलीच्या मंडळाच्या ग्रुपवरूनही.

मला गप्प बसवेना, कारण पहिल्या ठिपक्यातला नॉमिनी मीच आहे. राजापूर तालुक्यात माझे काका वारले, त्यांच्या म्युच्युअल फंडाचे फॉर्म कधीकाळी मी भरून दिले होते. नॉमिनीचा रकाना आला तेव्हा काका पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘तुझंच घाल रे, मेल्यावर धावपळ तूच करणार.’ काकी आहेत, दोन चुलतबहिणी आहेत. मेसेज खरा धरला तर त्या तिघींना काही नाही आणि सगळं पुतण्याचं. ग्रुपवर एकाने मला पेढे मागितलेदेखील.

या गैरसमजाला मूळ आहे, हे मान्य करतो. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी शेअरच्या बाबतीत नॉमिनीच मालक होतो असा निकाल दिला होता. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. तो खटला कुणाच्या घरचा? ज्यांचं कालनिर्णय आमच्या पडवीत खिळ्याला लटकतं, त्या मालवणच्या जयंत साळगावकरांच्या मागे राहिलेल्या मिळकतीचा. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या नावाने तो सापडेल. निकालाचं सार काकांच्या भाषेत सांगायचं तर धावपळ नॉमिनीने करायची. कंपनी किंवा फंड पैसे नॉमिनीच्या हाती देऊन मोकळा होतो, पण ते कुणाचे हे मृत्युपत्र ठरवतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. म्हणजे इथे काकी आणि दोन्ही मुली, तिघींना सारखा वाटा. मुली लग्न होऊन गेल्या म्हणून वाटा कमी होत नाही. गणपतीला माहेरी आल्यावर साडीचोळी दिली की हिशोब मिटला, असं धरून चालणारे आमच्याकडे अजून आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी असेल तर ती रक्कम नॉमिनीचीच धरतात. पुतण्या त्यात बसत नाही.

तलाठ्याचं पाहू. वारस नोंद होते ती जमिनीची. सातबाऱ्यावर काकांच्या जागी तिघींची नावं लागली, कलमांची बाग त्यांच्या नावावर दिसू लागली, पण त्या उताऱ्यावर शेअर मिळतील म्हणणं म्हणजे रेशनकार्डावर पासपोर्ट मागण्यासारखं आहे. शेअर आणि ठेवींवर नॉमिनी नसेल तर मोठ्या रकमेला दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली. आणि अर्ज मयत माणूस जिथे राहत होता तिथल्या न्यायालयात करायचा, त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. रक्कम लहान असेल तर तेही टळतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने कागदी शेअरला एका कंपनीमागे ५ लाखांपर्यंत आणि डीमॅटला, म्हणजे संगणकावरच्या शेअर खात्याला, १५ लाखांपर्यंत सोपी वाट ठेवली आहे: प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत. मेसेज लिहिणाऱ्याला ही वाट माहीत नसावी, किंवा सोपं सांगितलं तर कोण पुढे पाठवणार!

आता ‘रद्दी’. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांखाली काकांचे कागदी शेअर निघाले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. चाळीस पावसाळ्यांची ओल. दोन प्रमाणपत्रं एकमेकांना चिकटलेली, एका घडीवर वाळवीने नक्षी काढलेली. १ एप्रिल २०१९ पासून बंद झालं ते कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करणं. वारसाच्या नावे करणं, ज्याला ट्रान्समिशन म्हणतात, ते बंद झालेलं नाही. त्रास झाला, नाही म्हणत नाही. इंग्रजी आडनावात शेअरवर एक ‘ए’ जास्त, मृत्यू दाखल्यावर कमी. कंपनीच्या शेअर नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून अर्ज तीनदा परत आला, तिसऱ्यांदा तर पिनकोडसाठी. चिकटलेली प्रमाणपत्रं काकींनी वाफेवर धरून सोडवली, सांदणं उकडायची चाळण घेऊन. ती चाळण मी कधी विसरणार नाही.

त्यांपैकी एका कंपनीचे शेअर खरंच सरकारच्या निधीत गेले होते. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर ते गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातात, एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. ‘गेले ते गेले’ मात्र साफ खोटं. आधी कंपनीला कागद दाखवून तिचं हक्कपत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, शेअर वारसाच्या डीमॅटमध्ये परत येतात, राहिलेला लाभांशही. बँकेतल्या दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवींचंही तसंच. त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, बँकेमार्फत परत मागता येतात. कोणत्या बँकेत काय पडून आहे ते उद्गम पोर्टलवर शोधता येतं.

कुणीतरी मध्येच तीस टक्के वारसा कराचं पिल्लू सोडलं. मयताच्या मालमत्तेवरचा तो कर, इस्टेट ड्युटी, १९८५ मध्येच गेला. शेअर विकले तर नफ्यावर कर, तोही काकांची खरेदी किंमत धरून.

एटीएमबद्दल थोडक्यात. माणूस गेला की त्याचं कार्ड वापरायचा अधिकार कुणालाच उरत नाही, पिन माहीत असणाऱ्या मुलालाही नाही. तेराव्याचा खर्च म्हणून काढलेले पन्नास हजार पुढे वाटणीच्या वेळी ‘कुणी काढले’ म्हणून निघतात, आणि मग शिमग्याला एकाच घरातले दोघे पालखीला वेगवेगळे उभे राहतात. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं असेल तर हयात असलेल्याला बँकेचं दार उघडंच असतं. नॉमिनी असेल आणि कागद पुरे असतील तर दावा पंधरा दिवसांत निकाली काढायचं बँकांवर बंधन आहे.

या मेसेजखाली एका भावकीतल्याने मला लिहिलं, ‘देवस्थानच्या ठेवीवर पण काकांचं नाव आहे, ती बघितलीस का?’ आहे ना. काका विश्वस्त होते, पावतीवर त्यांची सही आहे, पण पैसे ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराचे. विश्वस्ताची मिळकत आणि विश्वस्त संस्थेची मिळकत या दोन गोष्टी, आणि विश्वस्तपदही संस्थेच्या घटनेत तसं लिहिल्याशिवाय मुलाकडे किंवा पुतण्याकडे चालत येत नाही. तिथे करायचं एकच असतं: विश्वस्त बदलल्याचा अहवाल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यायचा. तो आम्ही वेळेत दिला. ठेवीची पावती देवस्थानच्या कपाटात आहे, किल्ली नव्या विश्वस्तांकडे.