‘कन्सोल म्हणजे डब्यातला पीसीच’ हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

यवतमाळ, दारव्हा, पुसदकडच्या ग्रुपांवर कन्सोलबद्दल, म्हणजे गेम खेळायच्या मशीनबद्दल (सोनीचा पीएस५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स), सध्या फिरतंय: “पीएस५ घ्या की एक्सबॉक्स, आत साधा पीसीच. प्रोसेसर एकाच जातीचा, म्हणून जुने गेम सगळे चालतात अन् बनवणाऱ्याला एकदाच लिहावं लागतं.” कापसाच्या चुकाऱ्यातून पोरासाठी मशीन घेणारा बाप यावर विसंबतो, म्हणून लिहितो आहे.

जात एक, म्हणजे पीसीतलीच ‘एक्स८६’, हे पीएस५ आणि एक्सबॉक्सपुरतं खरं. निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल एआरएमवर, म्हणजे मोबाइलमध्ये असते त्या जातीच्या प्रोसेसरवर चालतो. पण जात एक म्हणजे मशीन एक नव्हे. गेमिंग पीसीत प्रोसेसरची रॅम वेगळी, ग्राफिक्स कार्डाची वेगळी. पीएस५मध्ये 16 जीबी दोघांत सामायिक. शिवाय हार्डवेअर ठरलेलं असल्याने शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) आधीच कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून देता येतात. पीसीवर ते काम खेळणाऱ्याच्या मशीनवर होतं, आणि नव्या जागी शिरताना गेम अडखळतो तो बरेचदा त्यामुळेच.

‘जुने गेम सगळे चालतात’ यात तर सरळ पैसे बुडतात. पीएस३च्या सेकंड-हँड डिस्का स्वस्तात मिळतात; पीएस५मध्ये त्यातली एकही चालत नाही. 2006च्या पीएस३मध्ये ‘सेल’ प्रोसेसर होता: पॉवरपीसी या एक्स८६हून वेगळ्या घराण्यातला एक मुख्य कोर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आणि जोडीला एसपीई नावाचे छोटे कोर, ज्यातले सहा गेमच्या वाट्याला येत. प्रत्येक एसपीईला स्वतःची मेमरी फक्त 256 केबी. तिच्यात डेटा कधी आणायचा, कधी बाहेर काढायचा, हे प्रोग्रामरने स्वतः कोडमध्ये लिहायचं. असा कोड एक्स८६वर जसाच्या तसा चालूच शकत नाही. इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) हवा, नाहीतर पुन्हा लिहा. सोनी 2013च्या पीएस४पासून एक्स८६वर आली, म्हणून पीएस४चे जवळपास सगळे गेम पीएस५वर चालतात. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०चे निवडक गेम इम्युलेशनने चालवून दाखवले. निवडक, सगळे नाहीत.

राहिलं ‘एकदाच लिहावं लागतं’. काम सोपं झालं, हे मान्य. पण एक्सबॉक्सचे सिरीज एक्स आणि सिरीज एस एकाच घरातले, तरी एकात 16 जीबी मेमरी, दुसऱ्यात 10. ‘बाल्डर्स गेट ३’ या गेमचं स्प्लिट-स्क्रीन (एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय) सिरीज एसवर बसेना, म्हणून एक्सबॉक्सची आवृत्ती रखडली. डिसेंबर 2023मध्ये सिरीज एसवर गेम त्या सोयीविनाच आला. सोय मिळाली ती 2025च्या आठव्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये. तेव्हा घरात दोघं भाऊ एकाच टीव्हीवर खेळणार असतील, तर स्वस्तातला सिरीज एस घेताना हव्या त्या गेमचं नाव घेऊन विचारा: यावर दोघांना एकत्र खेळता येतं का?