अ‍ॅक्टिव्हेशन जातं ते अपडेटमुळे नाही
‘विंडोज सतत अ‍ॅक्टिव्हेशन मागतंय? अपडेट कायमचे बंद करा’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. करू नका. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे लायसन्सची खातरजमा. अपडेट बंद केल्याने सुरक्षेचे अपडेट तेवढे थांबतात, लायसन्स मिळत नाही.

फुकटात ‘टाकून दिलेलं’ विंडोज अनेकदा केएमएस पद्धतीचं असतं. ही सोय मोठ्या ऑफिसांसाठी. मुदत 180 दिवस, ती वाढवायला ऑफिसचा सर्व्हर लागतो. तो घरी कुठून येणार? विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ टाका. मुदतीची तारीख दिसली की समजा, तुमचं विंडोजही असंच मुदतीचं आहे.

लायसन्स अस्सल असूनही अडत असेल, तर मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) बदललाय का ते आठवा. सुटं विकत घेतलेलं लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल, तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरने परत लावता येतं.