रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतरचे काम

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकून खरे तर हायसे वाटायला हवे. पण ज्याचे अंग महिनोन्‌महिने दुखते आहे, ज्याला सकाळी अंथरुणातून उठणेही जड जाते, तो माणूस हे ऐकून अधिकच एकटा पडतो. अशा दुखण्यासह जगत असल्यामुळे मला हे आग्रहाने सांगावेसे वाटते, की नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘जे तपासले त्यात दोष सापडला नाही’ एवढाच असतो. मायग्रेनसारख्या आजाराचे निदान आजही मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. त्यासाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही. म्हणूनच रुग्णाने ठेवलेली नोंद हा पुरावा आहे आणि तिला तसाच मान मिळायला हवा.

नोंद हवी, कारण स्मरणावर विसंबता येत नाही. महिन्याभराचा त्रास आठवताना सर्वांत वाईट दिवस आणि अगदी अलीकडचे दिवस तेवढे ठळक राहतात, मधले पुसले जातात. शिवाय काही आजारांत कारण आणि परिणाम यांत अंतर असते. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याच्या आजारात, श्रमांनंतरचा थकवा अनेकदा १२ ते ४८ तासांनी उफाळून येतो. त्यामुळे मंगळवारी का कोसळलो याचे उत्तर रविवारच्या पानावर सापडू शकते.

मात्र काय लिहायचे याचा विचार हवा. ‘सांधे दुखतात’ यातून फारसे काही कळत नाही. याउलट ‘सकाळी मूठ वळायला तासभर लागतो, हातांची हालचाल सुरू झाली की आखडलेपणा कमी होतो’ असे लिहिले, तर डॉक्टरांचे लक्ष सांध्यांच्या दाहाकडे वळते, कारण झिजेमुळे येणारा सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. वेदनेला दहापैकी गुण देण्यापेक्षा त्या दिवशी काय करता आले नाही, हे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते. डोकेदुखी असेल तर गोळ्या घेतलेले दिवसही अवश्य लिहावेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी मागे लागू शकते.

दिवसभर शरीराकडे कान लावून बसणे मात्र टाळावे, कारण त्याने वेदना अधिक जाणवू लागते; रात्री दोन ओळी पुरेत. नोंदीवरून स्वतःच निदान करून आहार बदलणेही नको. सीलिअ‍ॅक या गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होणाऱ्या आजाराच्या चाचणीआधीच गहू सोडला, तर आजार असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. आणि छातीत दुखणे, शौचातून रक्त जाणे किंवा कारण नसताना वजन उतरणे यांसाठी वही भरत बसू नये, लगेच डॉक्टरांना गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही पुढे न ठेवता एका पानाचा गोषवारा न्यावा आणि स्पष्ट विचारावे, ‘याखेरीज दुसरे काय असू शकते आणि ते कशावरून कळेल?’ डॉक्टरांकडून माझी अपेक्षा एवढीच, की ते पान त्यांनी रुग्णासमोर वाचावे, आणि उत्तर सापडत नसेल तर ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणण्याऐवजी ‘अजून कळलेले नाही, पुन्हा या’ असे सांगावे.